बोलल्याशिवाय फोटो नाही

आमच्या ऑपरेटरांनी काढलेल्या एकाही फोटोत कुणाचं तोंड मिटलेलं नाही. साहेब, शिपाई, लग्नातली नवरी, वांगणी स्टेशनाबाहेरची भाजीवाली, सगळी माणसं वाक्याच्या मध्यावर पकडलेली. कुणाचा हात हवेत, कुणाच्या भुवया कपाळात, कुणाच्या तोंडातला घास दिसतोय. नवख्याला वाटावं, फोटो काढणाऱ्याला भलतीच घाई होती. घाई त्यांना कधीच नसायची. त्यांना दिसत नव्हतं, आणि समोरचा बोलल्याशिवाय कॅमेरा कुठे धरायचा ते त्यांना कळत नसे.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची कंपनी. मी परचेसला होते आणि ते गेटजवळच्या काचेच्या खोलीत टेलिफोन बोर्डावर. त्यांना नाव होतं, पण ते पगाराच्या चिठ्ठीपुरतं. बाकी सगळ्यांचे ते ऑपरेटर. राहायला वांगणीला. तिथं न दिसणारी बरीच कुटुंबं राहतात, घरं परवडतात आणि शेजारालाही सवय आहे. बायको सुनंदावहिनी, त्यांनाही दिसत नव्हतं. त्या वेताच्या खुर्च्या विणून द्यायच्या. मुलगी प्रज्ञा मात्र चांगली लख्ख डोळ्यांची. सकाळी बोर्डावर बसले की ऑपरेटर मला इंटरकॉमवर ‘जय भीम मॅडम’ म्हणायचे आणि माझ्या उत्तरावरून घरची हवा ओळखायचे. ‘आज डबा सासूबाईंनी भरलाय वाटतं,’ असं एकदा म्हणाले आणि ते खरं होतं. तेव्हापासून मी त्यांना थोडी वचकूनच असे.

प्रज्ञा पहिलीत असताना बाईंनी वर्गात सांगितलं, प्रत्येकानं आपला लहानपणीचा फोटो आणायचा. तिच्याकडे एकही नव्हता. घरात फोटो काढणारं कुणी नव्हतं आणि ते आजवर कुणाला खटकलंही नव्हतं. पोरीनं शेवटी स्वतःचं चित्र काढून नेलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑपरेटर काठी टेकत माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, कॅमेरा घ्यायचाय, तुम्ही परचेसवाल्या, तुम्ही चला. मी म्हटलं, अहो, शेजारचं कुणीही काढून देईल की. त्यावर ते जे बोलले ते माझ्या मनातून आजही गेलेलं नाही.

‘शेजाऱ्यांनी काढला तर ती शेजाऱ्यांना दिसते तशी येईल. मला दिसते तशी मीच काढायला पाहिजे ना?’

उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात आम्ही गेलो. दुकानदारानं रिवाजाप्रमाणे सगळं मला विचारायला घेतलं, कितीपर्यंत पाहिजे, कोणता रंग पाहिजे. ऑपरेटर म्हणाले, ‘सेठ, मेरेको पूछो. चलाना मेरेको है.’ त्यानं काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. आधी त्यानं एक गुळगुळीत मोबाइल पुढे केला, ‘इसमें सब आता है, साईं.’ ऑपरेटरांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिला. ‘ये तो काच है. दबाऊँ किधर?’

मग त्यांनी काउंटरवर छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची रांग लावून घेतली. एकेक हातात घेऊन कडा चाचपल्या, झाकणं उघडली, बटणं पुन्हा पुन्हा दाबली. शेवटी सगळ्यात स्वस्त, जरा गुबगुबीत, चंदेरी कॅमेऱ्यावर हात ठेवला. त्याच्या बटणाला मध्ये एक पायरी होती. अर्धं दाबलं की बोट अडायचं, फोकस जमला की टिट-टिट वाजायचं, आणि मग पूर्ण दाबलं की फोटो. दुकानदाराला यात इतका रस वाटू लागला की त्यानं स्वतः डोळे मिटून बटण दाबून बघितलं. ‘हां, सच्ची, बीच में रुकता है,’ म्हणाला. इतकी वर्षं विकतोय पण हे कधी कळलं नव्हतं, असंही म्हणाला. मी या सगळ्यात घासाघीस करायलाच विसरले. परचेसमधल्या माझ्या कारकिर्दीला लागलेला तो एकमेव डाग.

पुढे कंपनीत कुणीही विचारलं की ऑपरेटर कॅमेऱ्याबद्दल भरभरून सांगायचे. हातात मावतो, शर्टाच्या खिशात जातो. चालू केला की भिंग कासवासारखं मान बाहेर काढतं, तिथं बोट लावलं की तोंड कुठल्या बाजूला ते समजतं. पेन्सिल सेलवर चालतो, ते वांगणीत कुठल्याही टपरीवर मिळतात. गोडवे गाऊन झाले की न चुकता दोन तक्रारी: सेल फार खातो, आणि पडद्यावर काय लिहितो ते मला सांगत नाही. तरी माणूस सापडला की आवाज देतो, एवढा प्रामाणिकपणा पुष्कळ झाला, असं त्यांचं म्हणणं. टिट-टिट वाजलं की ते समोरच्याला म्हणायचे, ‘सापडलात.’ कधीकधी माणसाऐवजी मागची भिंत सापडलेली असायची, तो भाग वेगळा.

त्यांची अट एकच. बोलायचं. लोक ‘हॅलो हॅलो’ करायचे, एक-दोन-तीन म्हणायचे, ते त्यांना चालत नसे. ‘खरं काहीतरी बोला,’ म्हणायचे आणि मान जराशी कलती करून, कॅमेरा छातीशी धरून थांबायचे. आमचे फॅक्टरी मॅनेजर शब्द मोजून खर्च करणारे. स्नेहसंमेलनाच्या फोटोत त्यांचं फक्त कोपर आलं. त्यानंतर ते ऑपरेटरांशी पुष्कळ बोलायला लागले. माझा फोटो मी एका व्हेंडरला फोनवर झापत असतानाचा आहे. माझ्या नवऱ्याच्या मते त्याहून हुबेहूब फोटो निघणं शक्य नाही.

घरी काढलेले फोटो जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना वाचून दाखवायचे. हो, वाचूनच. पहिल्या दिवशी मी म्हटलं, छान आलाय. ते म्हणाले, ‘छान ते मी ठरवीन. काय आलंय ते सांगा.’ मग मी सांगू लागले: अर्धंच डोकं आलंय, निळा फ्रॉक, एक हात वर, मागे बादली. ते म्हणाले, ‘“बाबा, पाल. बाबा, पाल गेली.” उडी मारली होती तिनं, म्हणून अर्धं डोकं. हा ठेवा.’ मला वाटलं, गंमत करताहेत. तसं नव्हतं. प्रत्येक फोटो त्यांच्याकडे एका वाक्याच्या रूपात जमा होता. मी रंग, हात, कपडे सांगायची आणि ते तिचं त्या क्षणाचं वाक्य काढून द्यायचे, तिच्याच बोबड्या चालीत. आपल्याला आपल्या मुलांचे फोटो बघून ‘किती गोड होता’ यापलीकडे काय आठवतं? मी त्या माणसापुढे अक्षरशः थक्क होऊन बसायची. डबा तसाच राहायचा.

प्रिंट मी बदलापूरला माझ्या घराजवळच्या स्टुडिओतून काढून आणायची. प्रज्ञा वाढत गेली तसे अल्बम वाढत गेले. मग ती नववीत असताना वर्गातल्या कुणीतरी तिच्या तोंड उघड्या फोटोचं स्टिकर केलं आणि ते सगळ्या ग्रुपवर फिरलं. घरी येऊन ती बापावर कडाडली, ‘माझा एक तरी धड फोटो आहे का?’ आणि त्या दिवसापासून त्यांच्यापुढे बोलायची बंद झाली. आईशी बोलायची, तेही स्वयंपाकघरात, हळू. आपल्या घरात पोर रुसून कोपऱ्यात बसलं तर निदान बसलेलं दिसतं. त्या घरात गप्प बसलेली मुलगी म्हणजे मुलगी नाहीच.

ऑपरेटर तिला काही बोलले नाहीत. रोज सेल बदलायचे, कॅमेरा दोरीनं गळ्यात अडकवायचे आणि संध्याकाळी खोलीत नुसते बसून राहायचे. सबंध पावसाळा असा गेला. मी तिच्याशी बोलून बघू का विचारलं तर नको म्हणाले. एकदा मी म्हटलं, बरेच दिवसांत काही दाखवलं नाहीत, कॅमेरा बिघडला का? त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला.

‘कॅमेरा बरोबर आहे मॅडम. माणूस सापडत नाही.’

मला त्या दिवशी काही काम सुचलं नाही.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी मी विणायला दिलेली खुर्ची आणायला वांगणीला गेले. प्रज्ञा खिडकीत आमच्याकडे पाठ फिरवून बसलेली, कानात इअरफोन. ऑपरेटरांनी अल्बम काढून ठेवले होते. दमट हवेनं फोटो चिकटलेत का, तेवढं बघा म्हणाले. मी एकेक सोडवून बाहेर काढू लागले आणि सवयीनं सांगू लागले.

‘गणवेश, एक रिबीन सुटलीय.’

‘“मी नाही भांडले, तेच माझ्याशी भांडले.” पुढचा.’

‘हातात अर्धी काकडी. तोंड वाकडं.’

‘“आई, हे मीठ नाहीये, साखर आहे.” पुढचा.’

वहिनी आतून हसल्या. असं बराच वेळ चाललं. मी मान वर केली तेव्हा प्रज्ञाच्या कानातले इअरफोन गळ्यात आले होते. एक फोटो फारच चिकटला होता, मला सुटेना. ती उठली, माझ्या हातून तो घेतला, नखानं अलगद सोडवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

‘पिवळा स्वेटर,’ ती म्हणाली. ‘समोरचा दात नाही.’

ऑपरेटरांचा हात अल्बमवरच थांबला. मग ते अगदी हळू म्हणाले, ‘“हा माझा दात. धर. पण मला परत दे हं.”’ आणि पुढे म्हणाले, ‘तो अजून माझ्याकडेच आहे.’

‘बाबा, तू सगळं लक्षात ठेवलंयस? मी जे जे बडबडले ते सगळं?’

टिट-टिट वाजलं. त्यांनी कॅमेरा कधी उचलला ते मला कळलंही नव्हतं. ‘सापडलीस,’ म्हणाले आणि बटण पूर्ण दाबलं. त्या फोटोत तिचं नाक लाल आहे, डोळे भरलेत आणि तोंड उघडं आहे. आठवड्याभरात तिनं तोच डीपीला लावला.

पुढे ती नर्सिंगला गेली, जाताना बाबाचा कॅमेरा घेऊन. हल्लीच्या पोरांना म्हणे असल्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड लागलंय. तिच्या हॉस्टेलच्या मैत्रिणी तो मागायच्या, ती हातसुद्धा लावू द्यायची नाही.

गेल्या वर्षी ऑपरेटर गेले. साधा ताप म्हणता म्हणता गेले. पुण्यानुमोदनाला मी वांगणीला गेले तेव्हा बुद्धमूर्तीशेजारी त्यांचा फोटो ठेवला होता. तिरपा, एक कान कापला गेलेला, बोलताना ओठ पुढे आलेले. कुणी पाहुणा म्हणालाच, जरा बरा नव्हता का एखादा? प्रज्ञानं शांतपणे सांगितलं की हॉस्टेलला जायच्या दिवशी तो तिनं काढलाय, डोळे मिटून, बाबा काढायचा तसा. काय म्हणताहेत ते, असं मी विचारलं. ‘“अर्धं दाब. अर्धं. घाई करू नको.”’ ती त्यांच्याच आवाजात म्हणाली, आणि आम्ही दोघी एकदम हसलो आणि एकदम थांबलो.

निघताना ती मला दारापर्यंत सोडायला आली. गळ्यात तो चंदेरी कॅमेरा होता, कडांचा रंग उडालेला. म्हणाली, मावशी, बाबानं काढलेला तुमचा फोटो आहे, मी काढलेला नाही. थांबा जरा. तिनं डोळे मिटले, मान कलती केली आणि कॅमेरा छातीशी धरला.

‘खरं काहीतरी बोला.’

व्हेंडरपासून साहेबांपर्यंत कुणापुढे मला शब्द कमी पडलेला नाही. तिथं मी नुसती पर्सची चेन उघडत-मिटत राहिले. ती तशीच उभी राहिली, डोळे मिटून, बोट बटणावर ठेवून, अजिबात घाई न करता.

‘मला काही सुचत नाहीये गं,’ मी कशीबशी म्हटलं.

टिट-टिट वाजलं.

‘सापडलात,’ ती म्हणाली.