बशीवर निभावलं

परवा मुलगी बऱ्याच महिन्यांनी घरी आली होती. आमरसाचं जेवण चाललं होतं. ती तिच्या साहेबांची नक्कल करत होती आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतो. मध्येच बायको गंभीर झाली. "पुरे आता. एवढं हसलं की मागून रडावं लागतं," म्हणाली आणि गॅस बंद आहे ना ते बघून आली. मीही रक्तदाबाची गोळी घेतली होती का, ते आठवू लागलो. आमचं घरच तसं. दुःख दारात आलं तर आम्ही त्याला बसायला पाट देतो; सुखाला मात्र विचारतो, पत्ता नक्की आमचाच ना?

"आई, उद्या मी जाणार. आज तरी हसू दे ना," मुलगी म्हणाली.

तिचा उतरलेला चेहरा बघून मी घाईने रसाची वाटी पुढे केली. कोपर लागलं आणि काचेची बशी खाली पडून फुटली.

बायकोने सुटकेचा श्वास सोडला. "चला, बशीवर निभावलं. हं, मग काय म्हणाले तुझे साहेब?"

दिवाळीला मुलगी पुन्हा येणार आहे. टवका उडालेल्या दोन बश्या बायकोने आत्तापासूनच जपून ठेवल्या आहेत.