दोनदा वाजणारे साडेअकरा

माझी मुलगी तनुजा हातात घड्याळ घालत नाही. ओळखीचे लोक यावरून हसतात, कारण तिचं कामच घड्याळांचं आहे. कोणता देश कोणत्या रात्री आपली घड्याळं तासभर पुढे ढकलतो आणि कधी मागे आणतो, याच्या नोंदी ती चिकलठाण्यातल्या एका लहानशा कंपनीत ठेवते. आपल्याकडे उन्हाळा असो की हिवाळा, सगळ्या देशाला एकच वेळ. त्यामुळे फुलंब्रीला गेलं की नातेवाईक विचारतात, "पोरगी नेमकं करती तरी काय?" मी सांगते, कॉम्प्युटरवर असते. खरं सांगायला गेले तर मलाच भीती वाटते.

या नोंदी परदेशातल्या वृद्धाश्रमांत औषधांच्या पेट्यांना जातात. खाटेशेजारी पेटी, पेटीला कप्पे. वेळ झाली की एक कप्पा आपोआप उघडतो आणि म्हातारं माणूस गोळी घेतं. काही देशांत घड्याळ मागे नेतात ते बाराच्या ठोक्याला. बारा वाजायचे तिथे पुन्हा अकरा होतात. म्हणजे त्या रात्री साडेअकरा दोनदा वाजतात. पेटीला तारीख आधी कळवलेली असेल तर दुसऱ्या साडेअकराला ती गप्प बसते. पेटीचं घड्याळ आश्रमातल्या घड्याळाबरोबर मागे जातंच; पण कळवलेली तारीख चुकली, तर कप्पा पुन्हा उघडतो.

तनुजाने हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मला माझ्या सासूबाई आठवल्या. मनकर्णाबाई, वय ऐंशीच्या पुढे. मागच्या वर्षी त्यांनी विसरून रक्तदाबाची गोळी दुसऱ्यांदा घेतली आणि न्हाणीघराच्या दारात कोसळल्या. डोळे उघडे, पण ओळख नाही. हात बर्फासारखे गार. त्या वाचल्या, पण तो गारवा माझ्या तळहातातून अजून गेलेला नाही.

म्हणून तनुजा काम करत बसली की मी तिच्याशी बोलत नाही. ती कुठल्या कुठल्या सरकारांची फर्मानं वाचत असते. काही देश आठवडा राहिला असताना मन बदलतात. तिने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची, मगच ती पुढे जाते. तपासणारे शिवराज सर, सिल्लोडचे. तनुजा म्हणते, "आई, दोघांच्या नजरेखालून जातं गं. तू उगीच जीव जाळू नको." मी जाळतेच.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर एका छोट्या देशाने ऐनवेळी तारीख बदलली. शनिवारी रात्री बाराला घड्याळं मागे. तनुजाने नोंद केली, सरांनी तपासली.

त्या शनिवारी सासूबाईंचा उपास होता. संध्याकाळी त्यांचा चेहरा उतरलेला पाहून मी घाबरले. म्हटलं, थोडा भात तरी घ्या.

"उद्या सोडीन."

तनुजा नेहमीसारखी चिडवायला लागली. "आजी, बारा वाजले की रविवार लागतो. तेव्हा उठवते तुला, गरम गरम भाकरी खा."

"बाराला वार बदलतो व्हय? चोरासारखा, अंधारात? माझा शनिवार उजाडस्तोवर असतो. तुझ्या मशिनीला सांग."

तनुजा हसली, आणि हसताहसताच तिचा चेहरा पांढरा पडला. "आई, मी शनिवारच टाकलाय."

मला आधी कळेना. मग तिने सांगितलं. यंत्राचा शनिवार शुक्रवारी रात्री बारा वाजताच सुरू होतो. त्या देशाला म्हणायचं होतं शनिवार संपतो ते बारा. यंत्राच्या भाषेत तो रविवार. आमच्या घरात शनिवारची रात्र उजाडेपर्यंत शनिवारचीच, म्हणून तिच्या हाताने शनिवार लिहिला. आणि शिवराज सरांच्या घरीही तसंच, म्हणून त्यांच्या नजरेला त्यात काही खुपलं नाही. दुसऱ्या साडेअकराला गप्प बसायची सूचना पेट्यांनी कालच्या रात्रीच वापरून टाकली होती. खरी रात्र अजून यायची होती. त्यांचे साडेअकरा म्हणजे आपली पहाट.

सर हळदीला गेलेले. फोन वाजत राहिला. मी देवाजवळ दिवा लावला आणि काडी बोटाला चटका देईपर्यंत धरून राहिले. शेवटी त्यांनी उचलला. मागे डीजे धडधडत होता.

"तनुजा मॅडम, कानात हळद गेलीय, जोरात बोला!"

"सर, वार चुकलाय. आपल्या दोघांचा."

ते गर्दीतून बाजूला झाले असावेत, डीजेचा आवाज कमी झाला. मग ते म्हणाले, "गच्चीवर जातो. पाठवा."

दुरुस्ती गेली. पेट्या एकेक करून ती स्वीकारत होत्या, पडद्यावर हिरवे ठिपके उमटत होते. एक ठिपका मात्र तांबडाच राहिला. डोंगरातला एक आश्रम, तिथली इंटरनेटची लाइन बंद. तनुजा तिथे फोन लावत राहिली. आपली मध्यरात्र उलटली तेव्हा कुठे तिथली रात्रपाळीची नर्स फोनवर आली. दोघींचं इंग्रजी दोन तऱ्हेचं. तनुजा एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, दुसऱ्या वेळी गोळी देऊ नका. पलीकडे किती कळलं, कोण जाणे.

"किती माणसं आहेत तिथं?" मी विचारलं.

"त्या वेळेची गोळी एकीलाच आहे. हृदयाची."

आम्ही तिघी बसून राहिलो. सासूबाईंनी पदराच्या टोकाला गाठ मारली होती, ती त्या सोडत आणि पुन्हा मारत होत्या. मला ती बाई दिसत होती. नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही. कप्पा उघडलेला दिसताच मुकाट्याने हात पुढे करणारी. आमच्या न्हाणीच्या दारात पडलेली.

कावळे ओरडायला लागले तेव्हा फोन वाजला. तनुजाने ऐकलं, फोन ठेवला आणि आजीकडे वळली.

"उघडला का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"उघडला, आजी. पण नर्स शेजारीच बसली होती. तिने कप्प्यावर हात ठेवला. ती म्हातारी म्हणे रागावली, माझी गोळी का देत नाही म्हणून."

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "उजाडलं," म्हणाल्या. "आण भाकरी."

तनुजा आता नोंद करताना वारावर विसंबत नाही. रात्र कोणत्या दोन तारखांच्या मधली आहे, तेवढंच लिहिते. शिवराज सरांच्या जोडीला तपासायला परगावचा, ज्याच्या घरी वार बाराला बदलतो असा एक माणूसही घेतलाय. सगळं नीट चाललंय, असं ती म्हणते.

येत्या रविवारी आणखी एका देशाची घड्याळं मागे जाणार आहेत. तिच्या खोलीतला दिवा मघाशीच मालवला. मी दाराशी जाऊन तिचा श्वास ऐकून आले, मग सासूबाईंचा. त्यांच्या उशाशी रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट असतं. ते उचलून मी माझ्याकडे आणून ठेवलं आहे.