आता येतं-जातं कोण

साहेब सरकारी अधिकाऱ्याला म्हणाले, "अब इस फाटक से आता-जाता ही कौन है, सर? मिल बंद, मजदूर खतम." अधिकाऱ्यानं मान हलवली आणि माझ्या हातातल्या ट्रेमधला कप उचलला. माझ्याकडे न बघता.

त्याच सकाळी मी ते फाटक ओलांडून या साहेबांच्या घरी पोळ्या करून आले होते.

मी त्या सुनावणीत चहा द्यायला गेले नव्हते. बोलायला गेले होते. रेल्वेला आमच्या चाळीजवळचं फाटक कायमचं बंद करायचं होतं. त्याला सरकारची मंजुरी लागते, म्हणून लोकांचं म्हणणं ऐकायला अधिकारी आले होते. रुळांच्या अलीकडे आमची चाळ, पलीकडे बंगले. मिलला कुलूप लागलं, नवरे घरी बसले, आणि आम्ही बायका पलीकडे धुणीभांडी करायला लागलो. फाटक गेलं तर पार पुलावरून वळसा, नाहीतर उभ्या मालगाडीखालून सरपटत. चाळीनं बोलायला मला निवडलं. चौथी शिकलेली मीच.

सुनावणीच्या हॉलच्या दारातच साहेब भेटले. बंगलेवाल्यांचे पुढारी. या हिंदी मुलखातले आमचेच मराठी.

"अरे वा, मावशी! बरं झालं आलात. जरा चहा फिरवा ना."

आणि मी पदर खोचला. कुणी जबरदस्ती केली नाही. हात आपसूक पुढं गेले. आजही लाज वाटते ती याची.

चहा खुर्च्यांपुरताच होता. आमचे लोक सतरंजीवर. शेजारची सुमन खालून कुजबुजली, "बोल ना गं!" मला वाटलं, एवढे कप देऊन होऊ देत. कप दिले, तोवर अधिकारी उठले. "किसी को आपत्ति नहीं," कुणाची हरकत नाही, असं म्हणाले आणि गाडीत बसले.

घरी येताना कुणी माझ्याशी बोललं नाही. मिलमधला एक म्हातारा भिया, म्हणजे इकडच्या बोलीत दादा, तेवढा हसला, "चाय कैसी थी, भाभी? हमको तो मिली नी."

फाटक गेलं. भिंत उठली. ती संपते तिथून, उभ्या मालगाडीखालून मी जायला लागले. एकदा डब्याखाली असतानाच गाडीला धक्का बसला. रुळाला गाल लावून पडून राहिले. गाडी परत थांबली तशी बाहेर आले. गुडघे फुटलेले, साडी काळ्या तेलानं माखलेली. साहेब दारात उभे.

"अशा अवतारात आत नका येऊ हं, मावशी. आलात तरी कुठून?"

"जिथून कोणी येत-जात नाही, तिथून."

"काय?"

त्यांना आठवतही नव्हतं. मी परत सांगितलं नाही. उंबऱ्यातूनच फिरले. ते काम तिथंच सुटलं.

तशीच अधिकाऱ्याच्या ऑफिसात गेले. शिपाई म्हणाला, "सुनवाई तो हो गई, अम्मा."

"मेरी नहीं हुई."

समोर खुर्ची होती. बसले. संध्याकाळी उठवलं, दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसले.

अधिकारी बदलत गेले. भिंत तशीच आहे. नवीन अधिकारी आला की मी जाते. पुन्हा सुनावणी घ्या म्हणते. चाळीसमोर घ्या, आम्हाला बोलू द्या. होईपर्यंत जाणार. कुणाची दया नको, रस्ता हवा.

येतं-जातं कोण म्हणाल, तर मी, मिलमजुराची बायको. त्या गाडीखाली मी पडले होते.