रुईची समाधी

तरुणपणी मी फार ज्ञानी होते. डोईवर पदर आणि पदराखाली सगळं ब्रह्मज्ञान. आज ती बया समोर आली तर हाती केरसुणी देईन आणि म्हणेन, आधी अंगण झाड.

ज्ञान आलं ते थेट लंकेहून. सातासमुद्रापार कुठंशी लढाई पेटली म्हणून आमच्या अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. रस्त्यानं गाड्यांची रांग तुटत नव्हती. तशाच एका गाडीत, कापसाच्या गाठोड्यांवर बसून, पिवळ्या वस्त्रांतला, मुंडण केलेला एक भिक्षू आला. बुद्धाचा शिष्य, जुनी लेणी पाहायला निघालेला. लंकेचा म्हटल्यावर सासूबाईंनी आधी त्याची डोकी मोजली. एकच निघालं, तेव्हा भाकर वाढली.

मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत त्यानं आम्हा बायकांना एवढंच सांगितलं: काम करताना श्वास येतो-जातो तो पाहा. माणसालाही तसंच पाहा, लगेच बरंवाईट ठरवू नका.

तो गेला आणि माझा धुमाकूळ सुरू झाला.

कापसातून सरकी काढायचे रेचे घरातच होते. मोकळा झालेला कापूस, म्हणजे रुई, उडू नये म्हणून दारं लावून आम्ही ते दिवसभर फिरवायचो. मी डोळे अर्धे मिटून, ओठांवर संतांचं हसू ठेवून फिरवायचे. थोड्या वेळानं श्वास आखूड व्हायचा, छाती जड, डोकं हलकं. आली! समाधी आली! अकोल्याला माहेरी निरोपसुद्धा धाडला मी, की लेक पोचली.

धाकटी जाऊ, माहेर तिवशाचं, नवीनच आलेली. मध्येच उठायची आणि तोंडाला पदर लावून मागच्या दारानं पसार. सासूबाई म्हणायच्या, "कामचोर हाय." मी अर्थातच काही ठरवत नव्हते. मी फक्त, अत्यंत करुणेनं, ती आज किती वेळा उठली तेवढं सासूबाईंच्या कानावर घालायचे.

एका दुपारी सासूबाईंनी हुकूम सोडला, "उद्या गाडी जुंपा. इले तिवश्याले पोचवा. परत आणू नका."

पोरगी मुकाट माझ्या शेजारी येऊन बसली आणि हट्टानं रेचा फिरवू लागली. मी श्वास पाहतच होते. तिच्या श्वासाची घरघर ऐकू आली, माझ्यासारखीच. डोळा उघडून पाहते तर हिचा हात छातीवर, अगदी माझ्यासारखा. मला आधी रागच आला. हिलाही समाधी? अन् एवढ्या लवकर?

ती उठून पळाली, मीही मागे गेले. निंबाखाली ती खोकून खोकून लाल झाली, मग हळूहळू निवली. आणि मोकळ्या वाऱ्यात माझी समाधीही निवली. अगदी साफ उतरली.

"काहून वं, खोकला हाय तं सांगत काहून नाई?"

"क्षयाची म्हणून हाकलून देतीन, बाई. अन् सांगू कोनाले? तुमी तं माह्या खेपा मोजून राहिल्या होत्या."

मी तशीच आत सासूबाईंकडे गेले. "आत्याबाई, ते कामचोर नाई. दार लावलं की रुईनं तिचा दम कोंडते. माहाही कोंडते."

"तुहा? तुले तं देव दिसून राहिला होता ना?"

"देव नव्हता, आत्याबाई. रुई होती."

सासूबाई उठल्या. रेच्यांच्या खोलीत जाऊन, दार लावून स्वतः रेच्यावर बसल्या. आम्ही दोघी बाहेर उभ्या. बराच वेळ नुसती करकर. मग खोकला, मग शिवी, मग दार धाडकन उघडलं.

"घ्या रेचे उचलून बाहेर वसरीत! उडली रुई तं उडू द्या!"

सकाळी बैल गोठ्यातच राहिले. धाकटी माझ्याजवळ जन्मभर राहिली आणि तिनं त्या मोजणीचं चांगलं उट्टं काढलं. पुढं मी कुणाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला तोंड उघडलं की ती कोपऱ्यातून विचारायची,

"बाई, दार उघडू काय?"