सशाच्या कानांची बॅग

डॉक्टरीणबाईंनी एमआरआयची फिल्म दिव्यासमोर धरली आणि विचारलं, "काय उचलत होतात?" मी म्हटलं, "बॅग." केवढी, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. काय सांगणार, कपाळ? लहान पोरीची गुलाबी बॅग होती ती, वर सशाचे कान असलेली.

मी विमानतळावर लोडर आहे. बेल्टवरून येणाऱ्या बॅगा उचलून कंटेनरमध्ये रचायच्या. भल्या मोठ्या बॅगा मी एका झटक्यात उचलायचो. आमच्या गावी, शिरवण्यात, देवीच्या पालखीला पुढचा खांदा माझा. आणि त्या सशाला वाकलो, तो वर आलोच नाही.

आजाराचं नाव 'डिस्क प्रोलॅप्स'. दोन मणक्यांमध्ये मऊ गादी असते, ती सरकून नस दाबते. मग कंबरेपासून अंगठ्यापर्यंत कळ जाते, ती 'सायटिका'. तपासताना उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतात. माझा जेमतेम वीतभर गेला आणि मी बोंबललो. बाहेर बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं असणार.

घरी पडून राहिलो. माझ्या पायजम्याची नाडी बायको, रंजना, बांधायची. तेवढा वेळ मी भिंतीकडे बघायचो. भेटायला येणारे विचारायचे, केवढी पेटी होती रे? मी हात पसरून दाखवायचो. दर पाहुण्यागणिक हात जास्तच पसरायचे. रंजनाला खरं माहीत होतं. एकदा चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "आता ती पेटी दारातून जानार नाय." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

औषधं आणि फिजिओथेरपी, म्हणजे शिकवून करून घेतलेले व्यायाम, यांच्यामुळे ऑपरेशन टळलं. शेवटच्या तपासणीला मी खाली मान घालून सशाचं सांगून टाकलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या बॅगेनं नाही झालं. आधीच्या सगळ्यांनी झालं, ती फक्त शेवटची." आणि पुन्हा हातानं ओझं उचललंत तर पायातलं बळ जाईल, चप्पलही पायात राहणार नाही, असं बजावलं.

म्हणजे आता सोंड. आमच्या बेल्टपाशी छताला टांगलेली जाड नळी, टोकाला रबरी वाटी. वाटी हवा ओढून बॅगेला चिकटते, मूठ दाबली की बॅग आपसूक वर. आम्ही तिला सोंड म्हणतो आणि जो वापरेल त्याला गणपती. त्यामुळे ती बहुतेक वेळ नुसती लोंबत असायची.

कामावर परतलो आणि सोंडेखाली उभा राहिलो. कान तापले होते, वर बघवत नव्हतं. नेमकी एक चिमुकली निळी बॅग आली. मी सोंड लावली. माझा जोडीदार महेश बोलला, "काय गणपती, एवढीशी बॅग पन सोंडेनं?"

हात सवयीनं पसरायला निघाले. मी ते आवरून उशीएवढं माप दाखवलं. "तीपन एवढीशीच होती," मी बोललो. "वर सशाचे कान होते."

तो हसला. चहानंतर कंबरेवर हात ठेवून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "माझी पन दुखते रे. मूठ कशी दाबायची, दाखव ना."

ओझ्याचं काम करणाऱ्यांनो, सोंडेला लाजू नका. मी अजून लाजतो, खोटं कशाला बोलू? यंदा पालखीला खांदा देणार नाही, बाजूनं चालणार. पण त्या न हसलेल्या बाईंच्या कृपेनं माझी नाडी आता मीच बांधतो.