किती वेळा उत्तर आलं नाही तर

कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये एसीच्या घरघरीत बसून मी लिनक्सच्या सर्व्हरवर एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकत होतो. नेटवर्कवर लक्ष ठेवणारं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी वर सरकत होत्या. त्यांच्याकडे बघत राहिलं की डोकं रिकामं होतं. हल्ली तेच बरं वाटतं.

या सॉफ्टवेअरचं काम साधं आहे. दर पाच मिनिटांनी ते प्रत्येक यंत्राला विचारतं, आहेस का? यंत्र म्हणतं, आहे. बोलण्यासारखं काही नसतं, असणं तेवढं कळवायचं असतं.

बाबांचं असंच होतं. गावी एकटे राहायचे. रोज सकाळी सातला दोन रिंग देऊन फोन कापायचे. मी उचलायचा नाही, असं ठरलेलं. दोन रिंग म्हणजे, 'मी ठीक आहे.'

सॉफ्टवेअरने विचारलं, किती वेळा उत्तर आलं नाही तर कळवायचं?

"तीन ठेवा," शेजारी बसलेल्या साळुंखे मॅडम म्हणाल्या. "एकदा नाही आलं म्हणून लगेच घाबरायचं नसतं. एखादी वायर सैल असते."

बाबांच्या रिंग आल्या नाहीत, तेव्हा मीही घाबरलो नव्हतो. पहिल्या दिवशी वाटलं, रेंज नसेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, रिचार्ज संपला असेल. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला.

मी रकान्यात तीनऐवजी एक लिहिलं.

"अहो, दिवसभर उगाच मेल येत राहतील."

"येऊ देत," मी म्हणालो. "मी उठून बघून येईन."