तीन घंट्यांचं काठमांडू

बायकोसंगं शेवटचं काम केलं ते अंबाडीचा दोर वळायचं. आमच्या तांड्यावर, घरापुढच्या लिंबाखाली. मी पीळ द्यायचो, ती अंबाडी सोडत मागं सरकायची. वैशाखाची सकाळ होती. मराठी मुलखाचं नवीन राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील.

"काठमांडू किती लांब हाय वो?" तिनं विचारलं.

हे रोजचंच. आमचा एकुलता पोरगा नेपाळात सडकेच्या कामावर मशीन चालवायचा. दिवाळीला आला तेव्हा मायले सांगून गेला, काठमांडूहून दिल्ली पाचशे मैल, विमानानं तीन घंटे. "याडी," आमच्या बोलीत मायले याडीच म्हणतेत, "तू हाक मार, मी तीन घंट्यात हजर." तिनं ते पुऱ्या तांड्याले ऐकवलं होतं.

"आपल्या बैलायनं दोन महिने," मी म्हणालो. माझा आजा बैलांवर मीठ लादून मुलूख फिरला. आमच्यात वाट मुक्कामानं मोजायची.

"अन् विमान मुक्काम कुठं करते?"

"तुह्या डोक्यावर. दोर ताण."

हसली, अन् ताणला. दुपारी छातीत कळ आली म्हणून आडवी झाली, ती उठलीच नाही.

तांड्याचा नाईक चार म्हाताऱ्यांले घेऊन दारात बसला. "पोराले तार कर. तीन घंट्याचा तर रस्ता. आग त्यानंच द्याची."

"तीन घंटे दिल्लीपर्यंत," मी म्हणालो. "तिले दिल्लीले नेऊन ठेवू का?"

"असं बोलतेत का, लेका?"

"मंग कसं बोलू? पोरगा काठमांडूत नाही, डोंगरात हाय. तिथून खाली याले दोन दिवस लागते, त्यानंच सांगतलं. विमान काही रोज सुटत नाही. दिल्लीहून नागपूर रेल्वे, नागपूरहून पुसद मोटार, पुसदहून इथं पायी. मोज तू मुक्काम. तू तर नाईक हायस."

त्यानं मोजले नाहीत. म्हणाला, "पोरगा म्हणल, बापानं मायचं तोंड पाहू देलं नाही."

"म्हणू दे. या उन्हात तोंड राह्यलं पाह्यजे ना."

पोरगा जिता असताना नवऱ्यानं आग द्यायची म्हणून कुजबुज झाली. ज्याले पटत नसल त्यानं घरी जावं, असं मी सांगितलं. कोणी गेलं नाही. लाकडं नाईकानंच रचली. दिवस बुडायच्या आत मी आग दिली. आजही कोणी विचारलं तर सांगतो, बरोबर केलं. माझ्या बायकोले मी विमानाची वाट पाहात कुजू देणार नव्हतो.

सकाळी नाईक म्हणाला, सुतकात तांड्याबाहेर जाऊ नको. मी पुसदले पायी गेलो. तारेच्या बाबूले सांगितलं, "लिहा, याडी गेली. आग बापानं देली."

"लवकर ये, असं लिहू?" त्यानं विचारलं.

"नाही. सवडीनं ये, असं लिहा."